लेकराची क्वाड बाईक चढावर दबते: इंजिन उतरवण्याआधी काय बघायचं

घाटंजी तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. आठ वर्षांच्या मुलासाठी जुनी ४९ सीसीची टू-स्ट्रोक क्वाड बाईक घेतली. पावसाळाभर ती कोठ्यात उभी होती. आता दोरी ओढली की सुरू होते, उभ्या जागी रेस चांगली घेते, पण मुलाला बसवून धुऱ्याकडच्या चढावर नेली की दबते आणि कधी बंदच पडते. गावातल्या मिस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग नवा टाकला, आणि आता ‘पिस्टन गेला, इंजिन उतरवावं लागते’ असं म्हणतात. जाताजाता भाऊंनी हेही विचारलंय की भाच्याकडे बॅटरीवरची तशीच क्वाड आहे, तीही चढावर थांबते, तर दोन्हींचं दुखणं एकच असेल का.

भाऊ, दोन्हींचं दुखणं वेगळं. बॅटरीवालीकडे शेवटी येतो. तुमच्या पेट्रोलवालीचं इंजिन मात्र इतक्यात उतरवू नका. मिस्त्री चूकच आहेत असं मी म्हणत नाही, कारण घासलेला पिस्टनसुद्धा ओझं नसताना मजेत फिरतो आणि रेस घेतो. पण पिस्टन गेला की नाही हे इंजिन गाडीवर असतानाच बघता येतं, आणि त्याच्या आधी तपासायच्या बऱ्याच गोष्टींना एक रुपया लागत नाही. या छोट्या गाड्यांची ‘पॉवर नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा पेट्रोलच्या वाटेत, हवेच्या वाटेत नाहीतर चाकांकडच्या बाजूला निघते. हे इंजिन म्हणजे आपल्या फवारणीच्या पेट्रोल पंपाचं आणि ग्रास कटरचंच घराणं. एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल, दोरीचा स्टार्टर. ज्यानं फवारणी पंप खोलून जोडलाय त्याला इथं घाबरण्यासारखं काही नाही.

पाना हातात घ्यायच्या आधी कान लावा. गाडी दबते तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो की उतरतो? आवाज चढतोय, इंजिन किंचाळतंय आणि गाडी जागेवरच, तर इंजिनाला दोष देऊ नका. पॉवर तयार होतेय, ती चाकापर्यंत पोचत नाही. आवाज उतरत जाऊन भर्रर्र होत बंद पडतोय, तर मग एकतर इंजिनात जोर नाही किंवा चाकाला कोणीतरी धरून ठेवलंय. हा एक फरक नीट सांगितला तर मिस्त्रींचं अर्धं काम वाचतं. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण ‘पिकअप नाही’ एवढंच म्हणतो आणि गाडी उभी करून चहाला जातो.

आणि चाचणी घेताना गाडीवर कोण बसलं होतं, हे खरं सांगा. लेकराची गाडी आणली की आधी काका बसतो, मग मामा बसतो, मग शेजारचा. या इंजिनाची ताकद कागदावर साधारण २ हॉर्सपॉवर, म्हणजे दीड किलोवॅट, तीही पूर्ण रेसवर. गाडी ४० किलो आणि मूल २५ किलो धरा. नांगरलेल्या भुसभुशीत वावरात चाकांना वजनाच्या साधारण पाव हिश्श्याइतका विरोध होतो. ताशी १५ किलोमीटरनं जायला तिथं साडेसहाशे वॅटच्या आसपास लागतात. दहा फुटांत एक फूट असा चढ असला की त्यात आणखी अडीचशे-पावणेतीनशे. मूल असेल तर जमतं. तिथंच ७५ किलोचा माणूस बसवला की हिशेब सोळाशे वॅटच्या पुढे जातो, आणि तेवढी ताकद त्या इंजिनाकडे जन्मापासून नाही. त्यात क्लच आणि चेन आपला वाटा खातात तो वेगळा. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की हवा हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा आठ-दहा टक्के विरळ होते आणि इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. म्हणून तपासणी नेहमी मुलाच्या वजनावर, टणक सपाट जागेवर आणि सकाळच्या गारव्यात करायची. मुलाला बसवायचं नसेल तर २५ किलो धान्याचं पोतं सीटवर बांधून तपासा, पण काकाला बसवू नका.

आता चाकं. इंजिन बंद ठेवून मागची बाजू लाकडी ठोकळ्यावर उचला आणि चाक हातानं फिरवा. या गाड्यांना लुनासारखा आपोआप पकडणारा क्लच असतो, त्यामुळे इंजिन बंद असताना चाक मोकळं फिरलंच पाहिजे. अडखळत असेल तर ब्रेक बघा. जुनी गाडी विकणारा ब्रेक ‘टाईट’ करून देतो, आणि केबल इतकी ओढलेली असते की पॅड डिस्कला सतत घासत राहतो. थोडं चालवून डिस्क चटका देण्याइतकी तापली तर चोर सापडला. डिस्कला बोट लावून बघू नका, पाण्याचे दोन थेंब टाका. हँडलवर पार्किंगचं छोटं लॉक असतं, तेही अर्धवट अडकून राहतं.

चेन फार ताणलेली असली तरी तीच गत. मधोमध दाबल्यावर बोटभर तरी हलली पाहिजे. पावसाळ्यात उभी राहिलेल्या गाडीची चेन गंजून तिच्या कड्या ताठ झालेल्या असतात, त्या डिझेलमध्ये बुडवून हातानं एकेक मोकळी करा. काळी माती चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे चिपटून वाळली की ती ब्रेकचंच काम करते, हे तुम्हाला मी सांगायला नको. टायरवर हवेचा आकडा छापलेला असतो तेवढी हवा हवी. मऊ टायर भुसभुशीत जागी पकडीला बरा, पण टणक चढावर तोच इंजिनाला खातो.

मागच्या आणि पुढच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांचे, दात मोजून ठेवा. आधीच्या मालकानं पोराच्या हट्टापायी ‘स्पीड’ वाढवायला पुढचं स्प्रॉकेट मोठं किंवा मागचं लहान टाकलेलं असतं. सपाटीवर गाडी पळते, चढावर नाक घासते. तुमच्या गाडीचं लक्षण याच्याशी जुळतं, म्हणून आधीच्या मालकाला फोन करून विचाराच.

आवाज चढत असेल तर क्लच. क्लचचं झाकण काढलं की आत शू, म्हणजे बाहेर फाकून पकड घेणारे तुकडे, आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या स्प्रिंगा दिसतात. शू काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर पॉलिश पेपरनं घासा. ऑईलनं ओले असतील तर पुसून भागणार नाही. क्रँकच्या सीलमधून ऑईल झिरपतंय, सीलच बदलावं लागेल. स्प्रिंगा ढिल्या झाल्या की उलटाच प्रकार होतो: क्लच फार लवकर पकडतो, इंजिन अजून जोरात आलेलं नसतं, आणि गाडी निघतानाच दबते. यात आवाज चढत नाही, उतरतो, म्हणून माणूस कार्बोरेटरच्या मागे लागतो. आणि स्प्रिंग तुटलेली असेल तर गाडी सुरू केल्याबरोबर मुलासकट पुढे निघते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलाला दाखवूसुद्धा नका.

हे सगळं ठीक निघालं, मुलाच्या वजनावर सपाटीवरही आवाज उतरतो, तर आता इंजिनाकडे वळू.

पहिली चाचणी चोकची, म्हणजे कार्बोरेटरची हवा अडवणाऱ्या पडद्याची, आणि मला ही सगळ्यात जास्त आवडते. तीन मिनिटांत जेवढं ती सांगते तेवढं मोठमोठी मशिनं सांगत नाहीत. इंजिन नीट तापवा. रेस देऊन गाडी दबायला लागली की चोक अर्धा बंद करा. हे दोघांनी मिळून, गाडी धरून, सावकाश करायचं काम आहे. चोकनं गाडी सुधारली, उचलायला लागली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी फालतू हवा आत येतेय. चोकनं आणखी बिघडली, काळा धूर टाकून बसली, तर पेट्रोल जास्त आहे नाहीतर हवा कमी. चोकचा काहीच फरक नाही, तर स्पार्क, सायलेन्सर किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. आणि चोकचा दांडा नक्की कुठे असताना पडदा बंद होतो, ते फिल्टर काढून एकदा डोळ्यांनी बघा आणि दांड्याशेजारी रंगाचा ठिपका मारा. यात गाडीगणिक फरक असतो. कित्येक गाड्या अर्ध्या चोकवरच चालत राहतात, कारण दांडा ढिला असतो आणि धक्क्यांनी आपोआप सरकतो.

चोकनं सुधारली असं धरून चालू, कारण पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तेच सर्वांत जास्त दिसतं. टाकीतलं पेट्रोल कधीचं आहे? २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच येतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. श्रावण-भादव्यात अर्धी रिकामी टाकी कोठ्यात राहिली की एका हद्दीनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, आणि पेट्रोल व ऑईल वर राहतं. इंजिन नेमकं तळाचं ओढतं. टाकीतलं सगळं एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत काढा आणि घटकाभर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला की तो माल फेकायचा, इकडून तिकडून गाळून परत वापरायचा नाही. तशा पेट्रोलवर गाडी सुरू होते, उभ्या जागी फिरते, ओझं आलं की मरते.

दुसरी गोष्ट, पूर्वीच्या साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागायची, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास लागते. म्हणजे जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तेच राहिलं तर मिश्रण थोडं पातळच पडतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आधीच अर्धं बुजलेलं जेट असेल तर तो थोडाही फरक चढावर जाणवतो.

पेट्रोल-ऑईलचं नवं मिश्रण करताना प्रमाण गाडीच्या पुस्तकात असेल ते घ्या. पुस्तक हरवलं असेल तर या स्वस्त ४९ सीसी इंजिनांना सहसा २५ला १ सांगितलेलं असतं, म्हणजे एका लिटरला ४० मिली. ऑईल टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोकचंच हवं, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलं. ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं इंजिन ऑईल नाही. आणि मिश्रण बाटलीत हलवून मग टाकीत ओता. टाकीत पेट्रोल भरून वरून ऑईलची धार सोडणाऱ्यांना मी कंटाळलो आहे. ते ऑईल नळीत जाऊन बसतं, आधी गाडी धूर टाकते, नंतर कोरडी चालते. पॉवर नाही म्हणून ऑईल कमी करणारेही भेटतात. त्यांचा पिस्टन मग खरोखरच जातो.

पेट्रोल नीट येतंय का ते बघायला कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा. इंजिन गार असताना, उघड्यावर, आणि तोंडात बिडी नसताना. धार सुरुवातीला चांगली आणि मिनिटभरात बारीक होत गेली, तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. झाकण ढिलं करा, धार पुन्हा सुटली की काम झालं, भोक सुईनं मोकळं करा. गाडी पाच-दहा मिनिटं छान चालते, मग मरते, थोडी थांबली की परत चालते, या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं. धार पहिल्यापासूनच बारीक, तर कॉक, टाकीतली जाळी किंवा नळीतला फिल्टर. काही कार्बोरेटरांत नळी जिथं जोडतात त्याच्या आत आणखी एक बारीक जाळी असते. साफ करणाऱ्याला ती माहीतच नसते आणि ती चिखलानं भरलेली राहते. नळी आतून फुगून चिकट झाली असेल तर तीही बदला, फवारणी पंपाची नळी मापात बसली तर चालते.

‘कार्बोरेटर साफ केला’ या शब्दांवर मी विश्वास ठेवत नाही, मिस्त्रींनी रागावू नये. वाटी काढून पेट्रोलनं धुणं म्हणजे साफ करणं नव्हे. मेन जेट उघडून उन्हाकडे धरा. गोल स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. वाळलेलं पेट्रोल लाखेसारखं कडेला बसतं आणि भोक दिसतं पण छोटं झालेलं असतं. त्यात तांब्याची तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट कायमचं बिघडलं. कार्बोरेटर क्लिनरमध्ये भिजवा, नायलॉनच्या ब्रशचा केस घाला, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारा. फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगणारा तुकडा, अडकत नाही ना, तेही तेव्हाच बघा.

फालतू हवा कुठून येते ते कळायला इंजिन मंद चालू ठेवून कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या जोडावर साबणाचं पाणी थेंब थेंब सोडा. आवाज बदलला की हवा तिथूनच घेतेय. पॅकिंग फाटलेलं असतं किंवा कार्बोरेटरचा क्लॅम्प ढिला. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, हेही त्याचंच लक्षण. त्याच जोडात काही कंपन्या मुद्दाम बारीक भोकाची चकती टाकतात, गाडी हळू राहावी म्हणून. सायलेन्सरच्या तोंडाशीही तशी चकती असू शकते. अंगठ्यानं दाबायच्या रेसच्या दांड्यावर तर एक छोटा स्क्रू असतोच, तो आत फिरवला की दांडा पूर्ण दबत नाही. फिल्टर काढून कोणाला तरी दांडा दाबायला सांगा आणि कार्बोरेटरच्या आतला स्लाईड, म्हणजे रेसबरोबर वर सरकणारा तुकडा, पूर्ण उचलतो का बघा. अशा बंधनांनी गाडी झटके मारत नाही, बंद पडत नाही, फक्त एका मर्यादेपुढे जात नाही. तुमची बंद पडते, त्यामुळे हे मुख्य कारण वाटत नाही. आणि असलं तरी आठ वर्षांच्या मुलाच्या गाडीतला स्क्रू मी काढत नाही, बापानं कितीही म्हटलं तरी.

चोकनं बिघडत असेल तर एअर फिल्टर. आपल्या पांदणीवरची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते आणि हा फोमचा तुकडा तळहाताएवढाही नसतो. साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, ऑईलचे थोडे थेंब टाकून पिळून लावा. कापूस साठवलेल्या खोलीत गाडी ठेवली असेल तर फिल्टरवर आणि सिलिंडरच्या पाकळ्यांमध्ये रुईचे तंतू अडकलेले मिळतील. पाकळ्या बुजल्या की इंजिन तापतं, आणि तापलं की जोर सोडतं. फिल्टर काढून गाडी जास्त पळते म्हणून तशीच फिरवू नका. एका उन्हाळ्यात रिंग आणि सिलिंडर घासून जाईल.

सायलेन्सरबद्दल एक गंमत. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते. धूर थोडा निघतो म्हणून कोणाला शंका येत नाही. टू-स्ट्रोकला मागून कोंडलं की त्याची अर्धी ताकद जाते. पावसाळाभर उभ्या गाडीत हे आधी बघायला हवं. ऑईल जास्त पडत असेल तर काजळीही तेच करते. गार इंजिनावर सायलेन्सर उतरवा, आतून झटका. सिलिंडरच्या भोकाजवळची काजळी खरवडायची असेल तर पिस्टननं भोक झाकलेलं असताना, लाकडी काडीनं.

सायलेन्सर उतरवलाच आहे तर मिस्त्रींच्या निदानाची शहानिशा इथंच करून घ्या. त्या भोकातून टॉर्च मारा आणि दोरी हळूहळू ओढत पिस्टन वरखाली करा. पिस्टनच्या अंगावर उभ्या खोल ओरखड्यांची जाळी दिसली, रिंग काडीनं दाबल्यावर आत-बाहेर हलत नाही, तर मिस्त्री बरोबर आहेत. पिस्टन करड्या रंगाचा, गुळगुळीत, बारीक रेषांचा असेल तर तो ठीक आहे. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजा. प्लगच्या जागी गेज लावा, रेस पूर्ण दाबून ठेवा, काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. १०० पीएसआयच्या वर आलं तर पिस्टनला हात लावू नका. ९०च्या खाली राहिलं तर रिंग, पिस्टन, सिलिंडर आणि हेडचं पॅकिंग यांचा हिशेब करा. मात्र नवं सामान मागवण्याआधी जुन्या सिलिंडरचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या इंजिनांत ४० मिलीमीटरचंही येतं आणि ४४चंही.

राहिला स्पार्क. प्लग नवा म्हणजे चांगला, असं नसतं. फट ०.६ मिलीमीटर ठेवा. गाडी दबताच इंजिन बंद करून प्लग काढा आणि टोकाचा रंग बघा: तपकिरी बरा, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑईल जास्त. कॉईल आणि मॅग्नेटच्या मधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढंच, ०.३ मिलीमीटरच्या आसपास, अंतर हवं. कोठ्यातल्या उंदरांनी किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाची, वायर कुरतडली असेल तर ती धक्क्यासरशी बॉडीला लागते आणि स्पार्क गायब होतो. चढावर गाडी हादरते तेव्हा हे जास्त होतं. तपासायला ती वायर तात्पुरती सोडवता येते, पण मग स्विचनं गाडी बंद होत नाही. चोक लावून बंद करावी लागते. म्हणून त्या अवस्थेत मुलाला अजिबात बसवायचं नाही आणि तपासणी झाली की वायर परत जोडायची. मनगटाला बांधायची दोरी जी ओढली की इंजिन बंद पडतं, तीच तर या गाडीतली सगळ्यात कामाची वस्तू.

इंजिन गरम झाल्यावरच स्पार्क जात असेल तर कॉईल बदला, तिला दुरुस्ती नाही. आणि दोरी ओढताना कधी उलटा झटका बसत असेल तर मॅग्नेटची चावी, म्हणजे मॅग्नेट क्रँकवर जागेवर धरणारी छोटी पट्टी, बघा. ती अर्धवट कापली गेली की टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, सरकतं. गाडी सुरू होते, जोर राहत नाही, आणि चार ठिकाणी दाखवूनही सापडत नाही.

११० सीसीची फोर-स्ट्रोक क्वाड असलेल्यांसाठी एवढंच: पेट्रोल, फिल्टर, चोक यांचं वर सांगितलेलं सगळं लागू, मिश्रणाचं सोडून. शिवाय व्हॉल्व्हची फट तपासा, गार इंजिनावर सहसा ०.०५ मिलीमीटर. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि तापल्यावर जोर जातो.

चाचणीसाठी पांदणीवर किंवा गावरस्त्यावर मुलाला पाठवू नका, ते आपल्या वावरात किंवा अंगणात. रस्त्यावर अठरा वर्षांखालचं मूल गाडी चालवताना सापडलं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आता भाच्याची बॅटरीवाली. या गाड्यांत सहसा १२ व्होल्टच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडून ३६ व्होल्ट केलेले असतात, अगदी छोट्या गाडीत दोन जोडून २४. चार्जरचा हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी चांगली, असं धरू नका. चार्ज करून दोन-तीन तास नुसती ठेवा, मग मल्टिमीटरनं प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.७-१२.८ यायला हवेत. मग एकानं गाडी भिंतीला टेकवून धरायची, दुसऱ्यानं क्षणभर रेस द्यायची, तिसऱ्यानं मीटर बघायचं. क्षणभरच, नाहीतर मोटार जळेल. तिघींपैकी एक १०.५च्या खाली कोसळली की दोषी तीच. ३६ व्होल्टच्या गाडीचा कंट्रोलर एकूण व्होल्टेज ३१-३२च्या खाली गेलं की मोटारचा पुरवठा तोडतो. चढावर करंट वाढतो, दुबळी बॅटरी बसते, कंट्रोलर तोडतो, गाडी थांबते, आणि सपाटीवर परत चालते. भाच्याचं लक्षण हेच वाटतं.

बॅटऱ्या तिन्ही ठीक निघाल्या तर चढावरून आल्याबरोबर जोडण्या हातानं तपासा. जो प्लग गरम लागतो, पिवळा पडलाय, तिथं करंट अडतोय. ब्रेकच्या दांड्यात मोटारचा पुरवठा तोडणारा स्विच असतो, तो चिखलानं अडकला की मोटार मधेच सुटते. त्याचा जोड काढून बघितलं की कळतं. रेसच्या दांड्याच्या सिग्नल वायरवर सोडलेला असताना एक व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर साडेतीनच्या वर यायला हवेत. अडीचवरच अडकत असेल तर दांडा बदला, तो स्वस्त असतो. बऱ्याच गाड्यांना वेग कमी-जास्त करायची चावीही असते. ती कमीवर असेल तर हे सगळं उगाच.

बॅटरी बदलायची ठरली तर तिन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. दोन जुन्यांत एक नवी घातली की जुन्या तिला थोड्या दिवसांत आपल्यासारखं करतात. आणि वापरल्यानंतर त्याच रात्री चार्जिंगला लावायची. लाईट गेली असेल तर आल्यावर, पण उद्या-परवावर ढकलायचं नाही. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तरी महिन्यातून एकदा चार्ज करायची.